काळजी नसावी

“इथं निशिगंधा पार्टे कुठं राहतात?”

पोलादपूर स्टँडसमोरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात तो शिरला तो असा विचारतच. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. शर्ट अंगाला चिकटलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली... आणि छातीशी धरलेली लॅपटॉपची बॅग मात्र कोरडी ठणठणीत. स्वतः भिजून यंत्र कोरडं ठेवणारा माणूस! मला हसू आलं. ते लपवायला मी जरा जास्तच गंभीर चेहरा केला.

“काय काम आहे त्यांच्याकडं?”

“त्यांची उत्तरं चुकतात.”

“अरे बापरे! कुणी सांगितलं?”

“बाकीच्या चौघांचं उत्तर एक येतं, यांचं एकटीचं वेगळं. दर तीन वाक्यांमागं एकदा.”

“मग ते चौघं चुकत असतील.”

तो थांबला. पापण्यांवर अजून पाणी होतं, ते बोटानं निपटून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही ओळखता का त्यांना?”

“तोंडओळख आहे. जरा तिरसट आहे बाई. तुम्ही नका जाऊ. निरोप सांगा, मी पोचवते.”

तेवढ्यात आतून बाबा ओरडले, “गो निशे, मशिनीत कागद अडकलाय बघ!”

झालं. तो हसला नाही. नुसता म्हणाला, “निरोप पोचला म्हणायचा,” आणि रुमालानं बॅग पुसायला लागला. कोरडीच होती, तरी पुसली.

माझं काम सांगायला सोपं आणि घरच्यांना पटवायला अवघड होतं. मुंबईतली एक कंपनी संगणकाला मराठी वाचायला शिकवत होती. पेपरातल्या बातम्या, कंपन्यांची पत्रं, लहानसहान गुंतवणूकदार आपापल्या ग्रुपवर लिहितात ते... असं सगळं. वाक्य वाचायचं आणि त्यामागचा सूर ओळखायचा, एवढंच त्या यंत्रानं करायचं. माणसं या कंपनीबद्दल आशेनं बोलतायत की भीतीनं? तो सूर बघून शेअर घ्यायचा की सोडायचा हे पुढची माणसं ठरवणार. पण यंत्राला आधी कुणीतरी शिकवायला हवं. म्हणून जुनी वाक्यं पाच-पाच जणांना पाठवायचे. चांगलं असेल तर हिरवं बटण, वाईट असेल तर लाल, दोन्ही नसेल तर करडं. अशा वाचणाऱ्यांतली सत्तावीस नंबरची मी. दुकानात बसून, गिऱ्हाइकं सांभाळून, दिवसाला चारशे वाक्यं.

तो ओंकार शेलार. यंत्राला शिकवणाऱ्यांतलाच. सत्तावीस नंबर का चुकतो ते प्रत्यक्ष जाऊन बघ, सुधारत नसेल तर बंद कर, असं त्याला सांगून पाठवलं होतं. हे त्यानं मला तिथंच, पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. मला राग यायला हवा होता. पण इतकं तोंडावर सांगणारा माणूस आमच्या भागात मी पाहिला नव्हता, त्यामुळं राग यायचा राहूनच गेला.

त्यानं पहिलं वाक्य उघडलं. एका रंगाच्या कारखान्यानं काढलेलं पत्र. ‘यंत्रांच्या दुरुस्तीमुळे उत्पादन काही दिवस थांबविण्यात येत आहे. कामगार व भागधारकांना काळजी नसावी.’

“चौघांनी करडं दिलं. यंत्रानं तर हिरवं. तुम्ही लाल. का?”

“काळजी करू का, असं विचारलं होतं का त्यांना कुणी?”

“नाही...”

“मग यांना कुठून सुचलं?”

त्यानं दुसरं वाक्य काढलं. कुणा गुंतवणूकदारानं लिहिलेलं. ‘पडला तर पडू दे, अजून पडू दे, मी काय विकत नाय.’

“यात तीनदा ‘पड’ आलंय. तुम्ही हिरवं दिलंत.”

“खुशीत आहे तो माणूस. ज्याला खरंच विकायचं असतं ना, तो गप्प बसतो.”

“आणि हे?” आता मात्र त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “‘बाजारात जोरदार नफावसुली.’ याला हिरवं?”

“नफा वसूल झाला. चांगलंच की!”

“म्हणजे लोकांनी आपापला नफा घेऊन शेअर विकून टाकले. भाव कोसळला त्या दिवशी.”

माझे कान तापले. “बरं... हे एक चुकलं.”

“एकच?”

“एकच.”

संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता. गेला नाही. महाडला लॉजवर राहिला आणि आठ दिवस रोज सकाळी पोलादपूरला येत राहिला. वही उघडून माझ्यासमोर बसायचा, मी लाल का, हिरवं का ते सांगायची, तो लिहून घ्यायचा. मध्येच बाबा चहा आणून ठेवायचे आणि त्याच्याकडे चष्म्यावरून बघून जायचे. चौथ्या दिवशी मी केसांत अबोलीचा वळेसर माळून आले. तो म्हणाला, “आज काही आहे का?” मी म्हटलं, “काही नाही.” त्यानं वहीत बघत हळूच विचारलं, “हे करडं धरायचं की...?” मी घाईनं पुढचं वाक्य उघडलं. पण त्यानंतरची दहा-बारा वाक्यं मी काय दाबली देव जाणे.

पाचव्या दिवशी तो आला तो लॅपटॉप उघडूनच. रात्री बसून त्यानं माझी उत्तरं वेगळी काढली होती आणि त्या-त्या पत्रानंतर तीन महिन्यांत काय घडलं ते ताडून पाहिलं होतं. वाक्यं जुनी, त्यामुळं पुढचं सगळं कळण्यासारखं होतं.

“जिथं तुम्ही एकट्या वेगळ्या होतात, तिथं दहातली सात तुमची बरोबर. तो रंगाचा कारखाना पुन्हा उघडलाच नाही. तुमची उत्तरं शिकवली की आमचं यंत्र असलं पत्र वाचून त्याच दिवशी सावध करेल.” त्याचे डोळे चमकत होते. “कुठं शिकलात हे?”

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी दुसरंच विचारलं.

“सावध कुणाला करेल?”

“ज्यांचे पैसे आहेत त्यांना.”

“आणि कामगारांना?”

त्याची नजर पडद्यावरच्या पत्राकडे गेली. मग म्हणाला, “त्यांना... ते पत्रच. काळजी नसावी.”

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता. मी उठले आणि त्याला दुकानाच्या कोपऱ्यातली काचेची खोली दाखवली. एक माणूस जेमतेम मावेल एवढी. आता तिथं कागदाचे गठ्ठे असतात, पण आतलं स्टूल अजून तेच आहे.

“इथं शिकले,” मी म्हटलं. “आमचा फोनचा बूथ होता. वरच्या गावांत फोन नव्हते. कुडपणची, घाटावरची माणसं चालत खाली यायची, मुंबईला फोन करायला. नंबर मी लावून द्यायची. सात-आठ वर्षांची असेन. काचेतून सगळं ऐकू यायचं. म्हैस व्याली, पोरगं पास झालं, तर माणसं ओरडून सांगायची, वर भांडायचीही. आणि वाईट असलं की आवाज मऊ व्हायचा. ‘बाकी सगळं ठीक हाय’ म्हणायची. घरात कुणी गेलं असेल, तर ते सांगायचीच नाहीत. ‘जरा जास्त हाय, निघून या’ एवढंच. पलीकडच्यानं वाट चालावी कशी, म्हणून. मी बाबांना विचारायची, जास्त आहे म्हणजे बरे होतील ना? बाबा म्हणायचे, नाय गो, गेलं ते मानूस.”

मी हे नेहमीच्या ओघात सांगत होते. बघते तर त्यानं वही मिटली होती.

“आम्ही कुडपणचे,” तो म्हणाला. “माहितीय तुम्हाला?”

कुडपण म्हणजे शेलारांचंच गाव; शेलार म्हटल्यावर मला ते सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

“मी दहा वर्षांचा होतो. आई गावाला भाताच्या लावणीसाठी आली होती. मुंबईत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. एक दिवस शेजारच्यांकडं फोन आला. बाबा म्हणाले, आईला जरा बरं नाही, मी घेऊन येतो तिला, तू शाळेत जा. मी गेलो. बाईंना सांगितलं, आई येणार आहे. तिचा कप घासून ठेवला. मी शेजारच्यांकडंच राहिलो; बाबा दोन आठवड्यांनी आले. डोक्यावर टोपी होती. ते कधी टोपी घालत नसत. मी विचारत होतो, आई कुठाय, आणि ते म्हणत होते, जेवलास का... रात्री झोपताना टोपी काढली तेव्हा डोक्यावर केस नव्हते. तेव्हा मला कळलं.”

 तो फोन इथूनच गेला असणार. दुसरा बूथ नव्हताच. कदाचित नंबरही मीच फिरवला असेल, या बोटांनी.

“बाबा आता कुडपणलाच असतात,” तो म्हणाला. “मी वर जात नाही. फोन करतो. बरं आहे ना? बरं हाय. संपलं. हे यंत्र मी कशासाठी बनवतोय असं लोक विचारतात. मला सांगता येत नाही.” मग त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. “तुम्ही एक करा. माझ्याशी असं कधी करू नका. वाईट असेल तर वाईट म्हणा. मऊ करून सांगणाऱ्या माणसाकडं मला पुन्हा जाता येत नाही... नाहीच जमत.”

“नाही करणार,” मी म्हटलं.

शब्द दिला तेव्हा तो केवढ्याचा आहे हे मला कळलं नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं, की या माणसानं पुन्हा यावं असं मला फार वाटतंय.

तो मुंबईला गेला. सत्तावीस नंबर बंद झाला नाही, उलट त्याच्या वहीतल्या माझ्या गोष्टी यंत्राला शिकवायच्या ठरल्या. रोज काही ना काही विचारायला त्याचा फोन यायचा. आधी कामाचं, मग इकडचं तिकडचं, मग नुसतंच... “तिकडे पाऊस आहे?” “आहे.” “किती?” “मोजू का?” अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. गणपती आले, गेले. शेतं पिवळी व्हायला लागली. तो दिवाळीला येणार होता. वर कुडपणला नाही, पोलादपूरला.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, दुकानासमोर जीप थांबली. कुडपणचे चांगूकाका उतरले. बाबांची आणि त्यांची बूथच्या दिवसांपासूनची ओळख. जीपमध्ये मागच्या बाकावर एक म्हातारा आडवा होता. घोंगडीत गुंडाळलेला, तोंड हळदीसारखं पिवळं.

“सयाजी शेलार,” काका म्हणाले. “काल खालच्या डाक्टरनं बघितला. लिवर गेलंय म्हनं. महाडला न्या, जवळच्यांना बोलवून घ्या बोलला. दोन दिस काडील, चार काडील. गो निशिगंधा, तुझ्याकडं पोराचा नंबर हाय ना? फोन लाव. सांग, बापाला जरा बरं नाय, जमलं तर येऊन जा.”

मी जीपपाशी गेले. ओंकारचे डोळे या माणसाचे होते. मोठे, जड पापण्यांचे.

“मी निशिगंधा. ओंकारबरोबर काम करते.”

“ठावं हाय,” म्हातारा म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. “आताशा फोनवर तुझंच बोलतो तो. पोरी, त्याला कायपन सांगू नको. बरा हाय म्हन. कामात आसल. दिवाळीला येनार हाय, तवा बघंल.”

दिवाळीला तीन आठवडे होते.

मी फोन घेऊन काचेच्या खोलीत गेले आणि दार लावून त्या स्टुलावर बसले. बाहेर चांगूकाका मला खुणा करत होते, हळू सांग, हळू सांग. घंटी वाजत होती आणि माझ्या जिभेवर तो ‘जरा’ येऊन बसला होता. जरा बरं नाही. जरा जास्त आहे. किती सोपं होतं! लहानपणापासून ऐकलेलं. आणि त्यात खोटं तरी काय? त्याचे पाच-सहा तासांचे वाटेवरचे हाल तेवढे वाचतील. सगळे असंच करतात. मायेनंच करतात.

पण तो निघालाच नाही तर? ‘जरा’ ऐकून उद्या निघाला तर? आणि निघालाच, आणि इथं आल्यावर कळलं, तर माझ्याकडे तो परत बघेल का?

“बोल गं!” तो हसत म्हणाला. “आज सकाळी सकाळीच?”

“ओंकार, नीट ऐक. तुझे बाबा इथं जीपमध्ये आहेत. महाडला नेतायत. यकृत निकामी झालंय. वाचणार नाहीत. दोन दिवस, फार तर चार. अजून बोलतायत. ते म्हणतात तुला सांगू नको. मी सांगतेय. आत्ता नीघ.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

“खरं सांगतेस?”

“खरं सांगतेय.”

“निघालो,” तो म्हणाला. फोन बंद झाला.

मी बाहेर आले तेव्हा चांगूकाका लाल झाले होते. “आसं तोंडावर सांगतात का गो? पोर गाडीत एकला! कायतरी जनाची मनाची!”  बाबांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. पूर्वी बूथमधून बाहेर येणाऱ्या माणसांपुढं ठेवायचे, तसाच. 

चार वाजता तो महाडच्या दवाखान्यात पोचला. मी व्हरांड्यातल्या बाकावर होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण थांबला नाही, सरळ आत गेला. दार अर्धं उघडंच राहिलं.

“कोनी सांगितलं तुला?” सयाजीकाका म्हणाले.

“निशिगंधानं.”

“बरा हाय मी.”

“नाही बाबा. तुम्ही बरे नाही.”

 मग म्हाताऱ्याचा आवाज आला, तुटत तुटत. “ती टोपी... आयला जाळून, दिवस करून येत हुतो, तवा महाडच्या बाजारात घेतली. तुला दिसू नये म्हनून. गाडीत सगळी वाट ठरवीत हुतो, कसं सांगू, कसं सांगू. घरी आलो, आन् तू कप घासून ठेवलेला दिसला. मग नाय जमलं रे. नायच जमलं.”

मी बाकावरून उठून जिन्याखाली गेले. पुढचं त्या दोघांचं होतं.

चार दिवस मिळाले त्यांना. ओंकार बापाला पेज भरवायचा, पाय चेपायचा आणि दोघं बोलत बसायचे. सयाजीकाका पूर्वी काम करायचे त्या मुंबईच्या कॅन्टीनचं, आईचं, तिच्या हातच्या घावनांचं. पाचव्या दिवशी पहाटे सयाजीकाका गेले. ओंकार त्यांना घेऊन कुडपणला गेला. सतरा वर्षांनी पहिल्यांदा.

त्या तेरा दिवसांत त्याचा एकही फोन आला नाही. वर रेंज कधी असते, कधी नसते, हे मला ठाऊक होतं. तरी फोन उशाशी घ्यायची. आपण तुटक बोललो का, चुकलो का, ‘अजून बोलतायत’ हे आधी सांगायला हवं होतं का... एकच फोन मनात शंभरदा लावला. दिवसाची चारशे वाक्यं यायची. मी शंभरही करत नव्हते.

तेराव्यानंतरच्या सकाळी मी काउंटरवर खाली वाकून कागद लावत होते.

“इथं निशिगंधा पार्टे कुठं राहतात?”

मी वर बघितलं. ओंकार उभा होता. डोकं गुळगुळीत तासलेलं, नुकते कुठं बारीक खुंट फुटत होते. ऑक्टोबरचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. टोपी घातलेली नव्हती.

“काय काम आहे त्यांच्याकडं?” मी कसंबसं विचारलं.

“त्यांनी सांगितलं म्हणून चार दिवस मिळाले. ते सांगायचं होतं.” तो थांबला. मग जरा हळू म्हणाला, “कशी आहेस?”

“बरी आ...”

शब्द तोंडातून निघाला होता.  तो नुसता उभा राहून वाट बघत होता, उघड्या डोक्यानं, आणि मला एकदम रडू आलं.

“बरी नाही,” मी म्हटलं. “तेरा दिवस जेवण गेलं नाही. तू आता मुंबईला जाशील आणि तिथंच राहशील, याची मला भीती वाटते. तू मला हवा आहेस. तू इथं नसलास की मला करमत नाही. एवढंच आहे... आणि सगळं आहे.”

“परत सांग.”

“नाही सांगणार.”

“मीही तुझ्याशिवाय राहणार नाही,” तो म्हणाला, तितकंच सरळ, आणि काउंटरवरचा माझा हात धरला. शाईनं काळा झालेला, तरी धरला. मग मान वळवून त्यानं आतल्या बाजूला हाक दिली, “काका, तुम्हाला एक स्पष्ट सांगायचंय.”

काचेच्या खोलीत गठ्ठे लावत असलेले बाबा बाहेर आले. धरलेला हात त्यांना दिसला. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

“आयकलं सगळं. भिंत हाय का ती, काच हाय,” ते म्हणाले. “मी पन स्पष्टच सांगतो. बाप गेला की लगीन वर्साच्या आत करत्यात, नायतर तीन वर्सं थांबत्यात. माझ्याच्यानं तीन वर्सं थांबवनार नाय.”

ओंकार हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. बाबांनी तांब्या आणून आमच्यापुढं ठेवला. त्यानं काचेच्या खोलीतलं स्टूल बाहेर ओढलं, त्यावर बसला आणि घटाघट सगळं पाणी प्यायला.